मांजर कुणाचं असतं?

२००८ सालची गोष्ट. मी अकरा वर्षांचा होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत औसा तालुक्यातल्या आमच्या गावाहून, आजीकडून, मी मांजराचं एक पिल्लू नांदेडला आणलं. लातूरच्या स्टँडवरून एसटी, मांडीवर वायरची पिशवी, पिशवीत जुना टॉवेल आणि टॉवेलात ते. अहमदपूरपर्यंत ओरडलं, लोह्यापर्यंत झोपलं. कंडक्टरने एकदा पिशवीत डोकावून बघितलं आणि तिकीट न फाडता पुढे गेला.

आठ-नऊ महिने ती आमच्याकडे राहिली. त्या हिवाळ्यात धाकट्या बहिणीला दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, घरात केसाळ जनावर असेल तर बघा. एका रविवारी बाबांनी तिला पोत्यात घातलं, मला स्कूटरवर मागे बसवलं, पोतं माझ्या मांडीवर दिलं, आणि आम्ही गोदावरीचा पूल ओलांडून पलीकडे गेलो. सिडकोच्याही पुढे, एका मोकळ्या जागेत बाबांनी पोत्याचं तोंड सोडलं. ती बाहेर आली, दोन पावलं चालली आणि अंग चाटत बसली. आम्ही निघालो तेव्हाही ती तेच करत होती.

परतताना मी रडत होतो. पुलावर बाबा म्हणाले, "मांजर कुणाचं नसतं रे. कुत्रं माणसाचं, मांजर घराचं. ते आपल्या मनानं येतं, आपल्या मनानं जातं. आणि कुठंही जगतं."

रात्री आजीचा फोन आला. मी सगळं सांगितलं. ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "ते समदं खरं बाबू. पर तिला इथून कोन नेलं होतं?"

आज मी पुण्यात एका आयटी कंपनीत काम करतो. दिवसभर दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका शोधतो. मांजरांच्या इतिहासावर हाडांमधल्या जुन्या डीएनएच्या आधारे जे संशोधन चाललंय, ते गेली काही वर्षं मी सवडीने वाचतोय. सुरुवात निव्वळ कुतूहलाने झाली. हळूहळू लक्षात आलं की मी मांजराचा इतिहास वाचत नाहीये, बाबांचं ते वाक्य तपासतोय. त्या वाक्यात तीन दावे आहेत. मांजर आपल्या मनाने आलं. म्हणून ते कुणाचं नाही. म्हणून त्याला सोडण्यात काही चूक नाही. पहिला दावा विज्ञानाचा आहे, तिसरा नीतीचा. पहिल्यावरून तिसऱ्यावर जाता येतं का, हा माझा प्रश्न आहे.

आपल्या मनाने आलं?

पहिल्या दाव्यात तथ्य आहे. बैल, शेळी, कोंबडी यांना माणसाने धरून आणलं, बांधलं, वाढवलं. मांजराचं तसं झालं नाही. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठू लागलं, धान्याला उंदीर आले, उंदरांमागे रानमांजर आलं. माणसाने फक्त त्याला हाकललं नाही. २००७ मध्ये कार्लोस ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी ९७९ मांजरांचे जनुकीय नमुने तपासले, त्यात रानटीही होती आणि घरातलीही. जगभरातली पाळीव मांजरं एकाच रानमांजराच्या जवळची निघाली. फेलिस लिबिका नावाचं हे रानमांजर पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतलं. आपल्याकडच्या कोरड्या माळरानांवर त्याचं ठिपक्याठिपक्यांचं आशियाई भावंड राहतं. ते मात्र आपल्या घरच्या मांजराचं मूळ नाही. म्हणजे आजीच्या घरातली मनी जनुकांच्या हिशेबाने पाहुणीच होती.

धान्याची गोष्ट मला पुस्तकातून शिकावी लागली नाही. आजीच्या जुन्या माळवदाच्या घरात बळद होतं आणि त्यात ज्वारी असायची, असं आजी सांगायची. मांजराला वाटीभर ताक आणि भाकरीचा तुकडा मिळायचा. तो पगार होता. १९९३ च्या भूकंपात ते माळवद पडलं. नवं घर पत्र्याचं झालं, त्यात बळद नाही. पुढे ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. सोयाबीन कोणी घरात साठवून खात नाही, काढणी झाली की लातूरच्या अडतीवर जातं. धान्य नाही तर उंदीर कमी, उंदीर कमी तर मांजराला काम नाही. तरी आजीने मांजर हाकललं नाही. ताकाची वाटी सुरूच राहिली.

हा सगळा फक्त व्यवहार असता, तर काम संपल्यावर पगारही संपायला हवा होता.

होडीतलं मांजर

सायप्रस हे भूमध्य समुद्रातलं बेट आहे. तिथे शिलुरोकांबोस नावाच्या जागी फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जाँ-दनी विन्य यांच्या गटाला माणसाच्या कबरीपासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर मांजराचा पूर्ण सांगाडा मिळाला. हे २००४ साली प्रसिद्ध झालं. कबर साधारण ९,५०० वर्षांपूर्वीची, मांजर आठेक महिन्यांचं. महत्त्वाची गोष्ट अशी की सायप्रसवर मूळची मांजरं नव्हतीच. मांजर कितीही स्वतंत्र वृत्तीचं असलं तरी इतका समुद्र पोहून जात नाही. कुणीतरी त्याला होडीत घातलं होतं.

बाबांचं वाक्य इथे पहिल्यांदा अडखळतं. धान्याच्या कोठारापर्यंत मांजर आपल्या मनाने आलं असेल. होडीत ते आपल्या मनाने बसलं नाही. पुढचा बहुतेक प्रवास तसाच आहे. मांजर जगभर पसरलं ते गलबतांतून, व्यापाऱ्यांच्या ताफ्यांतून, पिशव्यांतून. माझी वायरची पिशवी त्या लांबलचक रांगेतली एक.

चीनमधली गोष्ट याच्या उलटी आहे. तिथल्या जुन्या शेतकरी वस्त्यांमध्ये मांजराची हाडं मिळत होती. २०२५ मध्ये १४ ठिकाणच्या २२ अवशेषांचा डीएनए तपासला, तेव्हा कळलं की जुनी हाडं आपल्या मांजराची नाहीतच. ती बिबट्यासारख्या ठिपक्यांच्या एका लहान रानमांजराची होती. आपल्याकडे त्याला वाघाटी म्हणतात. हे जनावर चिनी वस्त्यांच्या आसपास साडेतीन हजार वर्षं राहिलं, उंदीर खाल्ले आणि एक दिवस रानात परत गेलं. आपलं नेहमीचं मांजर तिथे खूप उशिरा, साधारण १,४०० वर्षांपूर्वीच्या सुमारास, रेशीममार्गाच्या व्यापाऱ्यांबरोबर पोचलं.

बाबांचं वाक्य वाघाटीला अगदी बरोबर लागू पडतं. आली, राहिली, गेली. तिला कुणी कुठे नेलं नाही, त्यामुळे कुणी तिला सोडलं असंही म्हणता येत नाही. आपल्या मांजराला मात्र आपण नेलं. दोघीही उंदीर खायच्या आणि माणसाच्या जवळ राहायच्या. जवळ राहणं आणि उचलून नेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एकाच रेषेची वंशावळ

आता 'कुणाचं' या शब्दाकडे येतो. आपल्याकडे 'तू कुणाचा' या प्रश्नाचा अर्थ 'तू कुठून आलास, कुणाच्या पोटी' असा होतो. डीएनएची एवढी ओढ लोकांना याच प्रश्नासाठी असते. त्यामुळे या शास्त्राची एक चूक सगळ्यांनी समजून घ्यावी असं मला वाटतं.

२०१७ मध्ये क्लॉडिओ ओटोनी, एवा-मारिया गाइगल आणि सहकाऱ्यांनी दोनशेहून जास्त प्राचीन मांजरांचा डीएनए वाचला. बराचसा डीएनए मायटोकाँड्रियाचा होता. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं यंत्र. त्याच्या प्रती पेशीत भरपूर असतात, त्यामुळे जुन्या हाडातही तो टिकतो. पण तो फक्त आईकडून येतो. या अभ्यासातून गोष्ट अशी मांडली गेली की शेतकऱ्यांबरोबर मांजर सहा हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच आग्नेय युरोपात पोचलं होतं.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मार्को दे मार्टिनो, ओटोनी वगैरेंचा नवा अभ्यास आला. या वेळी पूर्ण जनुकसंच होते, ७० प्राचीन मांजरांचे आणि काही आजच्यांचे. गोष्ट बदलली. युरोपातली ती जुनी मांजरं मुळात युरोपीय रानमांजरंच होती. केव्हातरी झालेल्या संकरातून त्यांच्यात परक्या आईची मायटोकाँड्रियल खूण उतरली होती. खरं पाळीव मांजर युरोपात आलं साधारण २,००० वर्षांपूर्वी, उत्तर आफ्रिकेतून.

आधीच्या अभ्यासात कुणी खोटं बोललं नव्हतं. आईकडची एकच रेषा वाचली होती आणि ती रेषा म्हणजे सगळा वंश, असं धरलं गेलं होतं.

हे वाचताना मला आमच्या घरातली एक फाइल आठवली. २०२३ च्या सप्टेंबरात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि मराठवाड्यात गावोगाव लोक जुन्या कागदांच्या मागे लागले. आमच्याकडेही चुलत्यांनी एक वंशावळ तयार केली. मोडीतले कागद, उर्दूतले कागद, वाचणारा माणूस शोधा, झेरॉक्स काढा. रात्री जेवणं झाल्यावर ती वंशावळ मधे पसरून सगळे वाकून बघायचे. बाबा, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. एकाखाली एक नावं, सरळ रेषेत.

आजी खाटेवरून म्हणाली, "माझं नाव कुठाय त्याच्यात?"

नव्हतं. एकाही बाईचं नव्हतं. मायटोकाँड्रियात बाप नसतो, वंशावळीत आई नसते. गणित साधं आहे. सात पिढ्या मागे गेलात की त्या एका पिढीत तुमचे १२८ पूर्वज होतात. वंशावळ त्यातला एक दाखवते आणि आपण म्हणतो, हे आमचं मूळ. उरलेले १२७ कोण होते, कुठून आले, काय खात होते, कुणाला मानत होते?

प्राचीन डीएनए आपल्याकडे आला तेव्हाही हेच झालं. हरियाणातल्या राखीगढीच्या दफनभूमीतले ६१ नमुने तपासले गेले. उष्ण हवेत डीएनए तुटतो, त्यामुळे त्यातल्या एकाच बाईचा डीएनए वाचण्याइतका मिळाला. चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची ती बाई. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे कुलगुरू राहिलेले वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. त्या एका बाईच्या कानामागच्या हाडावरून या देशात कोण मूळचं आणि कोण बाहेरचं याची भांडणं टीव्हीवर आठवडाभर चालली. तिने आयुष्यात काय केलं, कुणाला जेवायला घातलं, हे कुणी विचारलं नाही. ते त्या हाडात लिहिलेलंही नव्हतं.

ब्लेम कुणावर

आमच्या धंद्यात 'गिट ब्लेम' नावाची एक कमांड असते. कोडची कुठलीही ओळ कुणी, कधी लिहिली ते ती सांगते. नवीन पोरं सुरुवातीला ती फार वापरतात. बग सापडला की ब्लेम लावायचा, चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कुणाचं तरी नाव येतं, आणि हात झटकून म्हणायचं, माझी ओळ नाही ही. मीही म्हटलंय. पहाटे तीनला सर्व्हर पडलेला असताना म्हटलंय. तेव्हा आमची टीम लीड शांतपणे म्हणाली होती, "लिहिली कुणी ते कळलं. आज ऑन-कॉल कोण आहे?"

ओळ कुठून आली हा इतिहासाचा प्रश्न. ती आज कुणी सांभाळायची हा वेगळा प्रश्न. पहिल्याच्या उत्तरातून दुसऱ्याचं उत्तर आपोआप निघत नाही.

मांजराच्या बाबतीत बघा. नात्याचा आधार मूळ असेल, तर युरोपातल्या माणसाचं मांजराशी असलेलं नातं २०१७ मध्ये सहा हजार वर्षांचं होतं आणि २०२५ च्या नोव्हेंबरात एका रात्रीत दोन हजारांवर आलं. त्या रात्री कुणाच्या घरातली दुधाची वाटी लहान झाली का? पुढच्या अभ्यासाने पुन्हा आकडा बदलला तर? जी जबाबदारी संशोधनाच्या दर नव्या अंकाबरोबर कमीजास्त होते, तिला जबाबदारी म्हणता येणार नाही.

इथे कुणी म्हणेल, मग इतिहासाला काहीच अर्थ नाही का? वंशावळीची फाइल, जुन्या नोंदी, पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्याय, सगळं फुकट? नाही. उलट मला वाटतं इतिहासाला फार अर्थ आहे, फक्त रक्ताच्या जागी नाही. एखाद्याच्या पणजोबाला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, याला आज अर्थ आहे. तो अर्थ पणजोबांच्या जनुकांत नाही. कुणीतरी कुणाला तरी अडवलं, आणि त्या अडवण्याचं ओझं आजच्या पोरापर्यंत आलं, यात तो आहे. देणं उभं राहतं ते कृतीतून. कोण कुठलं, यापेक्षा कुणी कुणाचं काय केलं, हा प्रश्न मोठा.

मांजराच्या डीएनएतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्टही रक्ताची नाही. ती हाडं एक कृती सांगतात: कुणीतरी उचललं.

तेर आणि बेरेनिके

लातूरहून सकाळी निघालं तर तेर बघून संध्याकाळच्या आत घरी येता येतं. संत गोरोबाकाकांचं तेर. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचं नाव तगर होतं. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या माहितीपुस्तकात तगर आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, मोठं शहर, आणि तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जातं, अशी त्यात नोंद आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळातल्या वस्तू ठेवल्या आहेत.

भडोचहून समुद्राने गेलं की तांबड्या समुद्रावरचं एक बंदर लागायचं, इजिप्तमधलं बेरेनिके. तिथे मार्ता ओसिपिन्स्का यांच्या गटाला पहिल्या-दुसऱ्या शतकातली प्राण्यांची दफनभूमी सापडली. ५८५ प्राणी. त्यातली ५३६ मांजरं. इजिप्तमध्ये देवाला वाहायला मांजरांचे ममी करत, तसला हा प्रकार नव्हता. ही मांजरं नीट, एकेक करून पुरलेली होती, काहींच्या गळ्यात पट्टे आणि मणी होते. तिथे भारतातून नेलेली माकडंही होती. काही प्राणी म्हातारे होते, जवळपास दात गेलेले. म्हणजे कुणीतरी त्यांना मऊ अन्न भरवत होतं, आणि तेही अशा वाळवंटी बंदरात जिथे माणसांचं अन्नही बाहेरून यायचं. दात नसलेलं मांजर उंदीर पकडत नाही. आजीच्या ताकाच्या वाटीची आठवण यावी असं हे आहे.

याच बेरेनिकेतल्या एका प्राचीन मांजरात ओटोनींच्या गटाला आशियाई रानमांजराची, म्हणजे आपल्या माळरानावरच्या त्या ठिपक्याच्या भावंडाची, आईकडची खूण मिळाली. भारत आणि इजिप्तमधल्या सागरी व्यापाराशी तिचा संबंध लावला जातो. ती तेरच्या गाडीतून गेली असं मी म्हणत नाही. एका रेषेवरून गोष्ट रचण्याचा धोका वर मीच सांगितलाय. पण कधीतरी, कुठल्यातरी धक्क्यावर, कुणीतरी मांजर उचलून गलबतात ठेवलं, आणि समुद्रापलीकडे त्यांच्या जातीतलं कुणी मेल्यावर कुणीतरी वाळूत खड्डा केला. एवढं पुरेसं आहे.

आवा

आपल्याकडे मांजर मारणं मोठं पाप मानतात. हातून मेलंच, तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, असं लहानपणी सगळ्यांनी ऐकलेलं असतं. म्हणून कुणी मारत नाही, पोत्यात घालून लांब सोडतात. पाप टाळायची ही पळवाट आहे, कारण पुढे काय झालं ते आपल्याला दिसत नाही. कायदा या पळवाटेला फसत नाही. प्राण्याला भूक-तहानेने हाल होतील अशा अवस्थेत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

महिपतींच्या भक्तिविजयात राका कुंभाराची कथा आहे. मांजरीने कच्च्या मडक्यात पिल्लं घातली. राकाला ते माहीत नव्हतं. त्याने आवा रचला आणि पेटवला. मांजर आव्याभोवती ओरडत फिरायला लागली तेव्हा त्याला कळलं. आग विझवणं हातात राहिलं नव्हतं. त्याने विठ्ठलाचा धावा केला आणि आवा उघडल्यावर पिल्लं जिवंत निघाली.

चमत्कार बाजूला ठेवा. राका स्वतःला काय विचारत नाही, ते बघा. मांजर कुणाची, असं तो विचारत नाही. आपल्या मनाने आली होती, मी थोडीच बोलावली होती, असं म्हणत नाही. माहीत नव्हतं, म्हणून सुटलो, असंही म्हणत नाही. आवा मी पेटवला, एवढ्यावर तो थांबतो. आजीने फोनवर विचारलेला प्रश्न याच जातीचा होता.

बाबांना दुष्ट ठरवायला मी हे लिहीत नाहीये. घरात दम लागणारं लेकरू होतं आणि त्यांना एक निवड करायची होती. बहिणीच्या श्वासापुढे मांजर दूर करणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण मांजर दूर करण्याचे आणखी रस्ते होते. गावाला परत नेता आलं असतं. तीच एसटी, तीच वायरची पिशवी. तेवढ्या प्रवासाचा त्रास आम्ही वाचवला, आणि तो वाचवता यावा म्हणून 'मांजर कुणाचं नसतं' हे वाक्य हाताशी धरलं. वाक्य चुकीचं होतं असं नाही, ते चुकीच्या जागी वापरलं होतं.

गेल्या दिवाळीत मी बाबांशी हे सगळं बोललो. सायप्रस, बेरेनिके, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी दुसऱ्या दिवशी गेलतो तिकडं. ऑफिसला जायच्या आधी. दिसली नाही."

"सांगितलं का नाही मग?"

"काय सांगायचं त्यात."

सतरा वर्षं ते एकटेच ते ओझं वागवत होते, आणि मी समजत होतो की ते फक्त माझ्याकडे आहे.

रकाना

माझ्या पुण्यातल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून एकदा मांजरांवरून भांडण होतं. 'या आपल्या सोसायटीच्या नाहीत, बाहेरून आल्यात' हे वाक्य प्रत्येक वेळी कुणीतरी टाकतं. ते लिहिणारे बहुतेक जण माझ्यासारखेच, लातूर-नांदेड-परभणी-बीडहून आलेले, भाड्याने राहणारे. मी हसतो आणि फोन बाजूला ठेवतो.

मांजरांना खाऊ घालणं हेच पुण्य, असंही मला वाटत नाही. वाटेल तितकी वाढलेली मांजरं पक्षी मारतात, रानमांजरांशी संकर करून त्यांची जात पुसट करतात, रस्त्यावर हाल होऊन मरतात. नसबंदी करून घेणं हे दुधाच्या वाटीपेक्षा जास्त कामाचं आहे. प्रेमाची भाषा सोपी असते. पिंजरा आणून, मांजर पकडून, रिक्षाने दवाखान्यात नेणं कंटाळवाणं काम आहे. पण आपण ज्याला उचललं त्याचं देणं बहुतेक वेळा असंच कंटाळवाणं असतं.

या पावसाळ्यात पार्किंगमधल्या एका मांजरीला गाडीचा धक्का लागला. गाडी माझी नव्हती. मांजर तर नव्हतीच. मी तिला खोक्यात घालून दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला. पहिला रकाना, प्राण्याचं नाव. दुसरा रकाना, मालकाचं नाव.

"कुणाची आहे?" तिने विचारलं.

माझ्या डोक्यात धान्याची कोठारं, होड्या, तगर, सगळं एकदम आलं. तिच्या मागे रांग वाढत होती.

"मी आणलीय," म्हटलं, आणि रकान्यात माझं नाव लिहिलं.